आज भाजणी आहे

दुकानदाराच्या लेखनाविषयी काही निरीक्षणे

दिवाळी अंक हाती आला की मी आधी अनुक्रमणिका पाहतो आणि लगेच जाहिरातींची पाने उलटतो. ही सवय जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सुरू झालेली ही परंपरा वर्गणीदारांइतकीच जाहिरातदारांनीही सांभाळली आहे. गावातली सहकारी बँक, सराफ, मिठाईवाले, भांड्यांचे दुकान, चष्मेवाले, असे सगळे त्या पानांवर भेटतात. एक पणती, एक आकाशकंदील, ‘ग्राहकांना व हितचिंतकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली प्रोप्रायटरचे नाव आणि दूरध्वनी. या पानांच्या पैशावर कथा-कवितांची पाने छापली जातात, म्हणून त्यांच्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. या पानांवर वाचण्यासारखे काहीही नसते.

याचे वाईट वाटते, कारण ज्या सराफाने ती पणती छापलेली असते तोच गल्ल्यावर बसून तुम्हाला अर्धा तास सांगू शकतो की जुना दागिना मोडीत घालताना घट कशी धरतात, घडणावळ कशावर ठरते, कुठला दागिना रोज वापरावा आणि कुठला वापरू नये. मिठाईवाल्याला ठाऊक असते की कोणता पदार्थ दोन दिवसांत संपवावा आणि कोणता परगावी पाठवला तरी चालेल. बोलताना एवढे ज्ञान असलेली माणसे लिहायची वेळ आली की एकाच पणतीमागे का लपतात? छोट्या व्यावसायिकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या धंद्याविषयी, आपल्या गिऱ्हाइकासाठी नियमित लिहावे, असे माझे मत आहे. ते दुकानाच्या संकेतस्थळावर लिहिले, पावतीच्या पाठीवर लिहिले की फळ्यावर, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मजकुराने. चांगला मजकूर कोणता, हा प्रश्न समीक्षेचा आहे, म्हणून तो या विभागात मांडतो आहे.

फळ्यावरच्या चार ओळी

आमच्या जुन्या घराजवळ पिठाची गिरणी होती. दाराच्या चौकटीला एक काळी पाटी टांगलेली असे. आश्विन महिन्यात, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, त्या पाटीवर खडूने लिहिलेला मजकूर मला अजून पाठ आहे:

‘आज भाजणी आहे. गव्हाच्या पिठाला वास लागेल. घाई नसेल तर उद्या सकाळी या. पहिले दळण गव्हाचे घेऊ.’

गिरणीवाल्यांनी हे लिहिले तेव्हा आपण काही ‘लेखन’ करतो आहोत असे त्यांच्या मनातही आले नसेल. पण साहित्याचा विद्यार्थी म्हणून मी या चार वाक्यांकडे पुन्हा पुन्हा जातो. पहिली गोष्ट अशी की हा मजकूर दुसरा कोणीही लिहू शकला नसता. धने, जिरे, भाजलेल्या डाळी दळून झाल्या की दगडांमध्ये त्यांचा अंश उरतो आणि मागाहून टाकलेल्या गव्हाला तो वास येतो, हे गिरणीत उभ्या असलेल्या माणसालाच रोज कळते. दुसरी गोष्ट, मजकुराला वेळ आहे. ‘आज’ आणि ‘उद्या सकाळी’ या दोन शब्दांमुळे तो त्या दिवसाचा, त्या गल्लीचा होतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा मजकूर आलेले गिऱ्हाईक परत पाठवतो. त्या दिवसाचे चार पैसे सोडून देतो.

त्याच पाटीवर कधी कधी ‘दगडाला टाकी लावली आहे, पहिल्या पिठात कच येईल’ असेही लिहिलेले असे. टाकी लावणे म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खडबडीत करणे. हा शब्द मी त्या पाटीवर शिकलो, कोशात नंतर पाहिला. शहाणी माणसे त्या दिवशी दळणाचा डबा तसाच घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीत आणत. पुढच्या चौकात दुसरी गिरणी होती, तिथे पाटी नव्हती. ती गिरणी वाईट होती असे नाही; पण तिथे आज भाजणी झाली आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळत नसे आणि विचारल्यावर मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागे.

दोन प्रकारचे नकार

मराठी वाचकाने दुकानदाराच्या लेखनाचा एकच प्रकार साहित्य म्हणून मान्य केला आहे. तो म्हणजे पुणेरी पाटी. तिचे संग्रह होतात, तिच्यावर लेख लिहिले जातात, ती भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरते. पु. ल. देशपांड्यांनी पुण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाची जी उपेक्षा रंगवली, तिने तर या वृत्तीला कायमचे अभय दिले. पाटीतली कमी शब्दांची शिस्त, टोकदार वाक्य आणि लिहिणाऱ्याचा स्वभाव जसाच्या तसा उमटणे हे गुण मला मान्य आहेत. गिरणीच्या पाटीतही हेच गुण होते.

दोन्ही पाट्यांत नकार आहे. पण तो कोणासाठी आहे, ते पाहावे. ‘पत्ता विचारू नये’, ‘भाव करू नये’, ‘एकदा घेतलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे नकार दुकानदाराच्या सोयीसाठी आहेत. ते प्रश्न येण्याआधीच दार लावतात. ‘आज दळण आणू नका’ हा नकार गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी आहे. तो न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. व्याकरण एकच, दिशा उलटी. आपण पहिल्या प्रकाराचे कौतुक केले, कारण त्यात विनोद होता. दुसऱ्याकडे साहित्य म्हणून पाहिलेच नाही, कारण त्यात फक्त उपयोग होता. उपयोगी लेखनाला लेखन न मानण्याची ही खोड आपल्या समीक्षेत खोलवर आहे.

नांगर आणि मासिक

या खोडीचे सर्वांत ठळक उदाहरण किर्लोस्करांचे आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो सुरुवातीला विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही अडचण विशेषणांनी सुटणारी नाही. ‘उत्तम’, ‘मजबूत’, ‘खात्रीचा’ असे कितीही म्हटले तरी ज्याला जमीन नासण्याची भीती आहे त्याला त्याचा काय उपयोग? त्याला समजावून सांगावे लागते, आणि समजावून सांगणे हे जाहिरातीहून वेगळे काम आहे.

1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1920 मध्ये तिथून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नांगर आणि मासिक यांची सांगड जगात आधीही पडली होती. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने 1895 मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले आणि ते अजून निघते. ‘फरो’ म्हणजे नांगराचे तास. शेतकऱ्याला अवजार विकायचे असेल तर शेतीविषयी त्याच्याशी बोलत राहिले पाहिजे, हे दोन्ही ठिकाणी उमगलेले दिसते.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. ‘खबर’ हा शब्द नावातून गेला, ‘किर्लोस्कर’ राहिले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून लोकांसमोर आले. मराठी मध्यमवर्गाच्या घरात सुधारणेचा विचार नेण्याचे मोठे काम या मासिकांनी केले. मराठी नियतकालिकांविषयी जे काही माझ्या वाचनात आले, त्यात या कामाला पाने दिलेली आहेत आणि एका कारखान्याचे पत्रक म्हणून झालेल्या जन्माला बहुधा एक वाक्य. जणू नांगराचा संबंध हा बालपणीचा अपघात होता आणि मोठे झाल्यावर तो विसरलेलाच बरा.

मला इथे वेगळे म्हणायचे आहे. ‘खबर’चे ‘किर्लोस्कर’ झाले यात साहित्याचा लाभ झाला, पण त्यातून आपण धडा मात्र अर्धाच घेतला. उद्योगपतीने मासिक काढावे, लेखकांना मानधन द्यावे, हे आपण शिकलो. ज्याच्या हाताला काम कळते त्याने ते शब्दांत सांगावे, हे शिकलो नाही. त्यामुळे ‘किर्लोस्कर’ मासिकाला मराठीत अनेक भावंडे मिळाली. कारखान्याच्या ‘खबर’ला फारशी मिळाली नाहीत.

जी मिळाली, त्यांतली दोन इथे नोंदवतो. गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी 1964 मध्ये ‘ललित’ सुरू केले. पुस्तकविक्रेत्याने पुस्तकांविषयी काढलेले ते मासिक. त्यात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने जयवंत दळवी मराठी लेखक-प्रकाशकांची मनसोक्त टिंगल करत. ज्यांची पुस्तके आपल्या दुकानात विकायची त्यांचीच थट्टा आपल्या मासिकात छापायची, हे व्यापारी हिशेबात बसत नाही. पण वाचकाचा ‘ललित’वर विश्वास बसला तो बऱ्याच अंशी याच पानांमुळे, असे मला वाटते. गिरणीवाल्याची पाटी आणि ठणठणपाळ यांच्यात मला नाते दिसते ते असे. दोघेही आपल्याच मालाविषयी गोड बोलायचे नाकारतात.

दुसरे उदाहरण जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’चे. तिथी-वार-सण पुढच्या बाजूला होते, दिनदर्शिका त्यासाठी घेतली जाई. पानाची मागची बाजू कोरी ठेवली असती तरी कोणी तक्रार केली नसती. तिथे पाककृती आल्या, आरोग्यावरचे लेख आले, नामवंत लेखक आले. महिना संपल्यावर पान उलटून वाचणारी घरे मी पाहिली आहेत. विकलेल्या वस्तूबरोबर न मागितलेले काहीतरी उपयोगाचे देणे, एवढाच त्यामागचा विचार आहे, आणि तो कुठल्याही किराणा दुकानाला परवडणारा आहे.

चपलेविषयी कोणी सांगायचे?

हा प्रश्न केवळ जुन्या आठवणींचा असता तर मी इतका आग्रह धरला नसता. जून 2025 मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे दिसली आणि सुरुवातीला त्यांचे मूळ कुठेच सांगितले गेले नव्हते. महाराष्ट्रात संताप उसळला, मग कंपनीने प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचे मान्य केले. या चपलेला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे ते सामायिक आहे.

त्या काही आठवड्यांत मी जे जे लेख वाचले, त्यांत परदेशी किंमत आणि इथली किंमत यांची तुलना होती, अस्मिता होती, कायदा होता. चप्पल बनवणारा आणि विकणारा त्यात छायाचित्रात होता, फार तर एका वाक्यात. चपलेविषयी त्याने स्वतः लिहिलेले काही मला सापडले नाही. म्हणून कोल्हापूरला गेलो तेव्हा एका दुकानात तासभर बसलो. मालकांनी सांगितले ते असे: कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. अस्सल चपलेत खिळा नसतो, शिवण चामड्याच्या वादीची असते. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, तेव्हा तिला तेल पाजावे. कापशी, कुरुंदवाडी ही घाटांची नावे म्हणजे गावांचीच नावे आहेत. आणि शेवटी म्हणाले, “पावसात घालणार असाल तर घेऊ नका. दिवाळीनंतर या.”

समोरच्या फलकावर मात्र एकच शब्द होता: ‘अस्सल’. मला त्या क्षणी सगळा प्रश्न दिसला. ‘अस्सल’ हा शब्द कोणीही रंगवू शकतो, नकली माल विकणारा तर आधी रंगवतो. ‘पावसात घालणार असाल तर घेऊ नका’ हे वाक्य लिहायला मालाची ओळख लागते आणि थोडे धैर्य लागते. मानांकनाने नावाचे रक्षण होते, त्या नावामागचे स्पष्टीकरण जपण्याची सोय त्यात नाही. हे स्पष्टीकरण त्या मालकांच्या तोंडी आहे, तोवर आहे. उद्या दुकान मिटले तर वादी, घाट, तेल पाजणे हे शब्दही जातील, आणि पुढच्या वेळी मिलानमध्ये काय चुकले हे सांगायला आपल्याकडे फक्त संताप उरेल.

आक्षेप

दुकानदारांशी या विषयावर बोललो तेव्हा ठराविक उत्तरे मिळाली. पहिले, वेळ नाही. गिरणीच्या पाटीवर चार वाक्ये होती, ती लिहायला पाच मिनिटे लागली असतील. महिन्यातून एकदा, गल्ल्यावर सर्वांत जास्त विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर लिहिले तरी वर्षाला बारा उत्तरे होतात. दहा वर्षांत त्याचे पुस्तक होईल. दुसरे, धंद्यातले गुपित कशाला सांगायचे? पण गिऱ्हाईक गुपित विचारतच नाही. त्याला मसाल्याचे प्रमाण नको असते. रंगासाठी ब्याडगी घ्यावी की तिखटपणासाठी दुसरी मिरची, एवढेच हवे असते.

तिसरे उत्तर जास्त प्रामाणिक होते. ‘आम्हाला लिहिता येत नाही, म्हणून लिहून घेतो.’ असा लिहून घेतलेला मजकूर मी बराच पाहिला आहे. ‘गुणवत्ता आणि विश्वासाची अखंड परंपरा’, ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. यासाठी माझी एक साधी कसोटी आहे. दुकानाचे नाव झाका आणि त्या जागी शेजारच्या दुकानाचे नाव घाला. मजकूर तसाच चालत असेल तर तो तुमचा नाही. सराफाचे वाक्य मिठाईवाल्याला चालते, याचा अर्थ त्यात ना सोने आहे ना साखर. असा मजकूर आता यंत्रही क्षणात आणि फुकट लिहून देते. जे सर्वांना फुकट मिळते त्याला किंमत राहत नाही. तुमच्या गल्लीतला पाऊस, तुमच्या गिऱ्हाइकाची तक्रार, काल बिघडलेला माल हे मात्र यंत्राला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि सांगायला बसलात की निम्मे लिहून झालेच.

एक आक्षेप माझा मलाच आहे. माहितीचा आव आणून माल गळ्यात मारणे हीदेखील जुनी कला आहे. औषधांच्या बाबतीत तर चमत्काराचे दावे करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी 1954 मध्ये कायदाच करावा लागला. मजकूर लांब झाला, घरगुती भाषेत आला, म्हणजे तो खरा झाला असे नाही. म्हणून मी पुन्हा गिरणीच्या पाटीकडे येतो. दुकानदाराचे लेखन वाचताना मी त्यात एकच गोष्ट शोधतो: ‘हे आज घेऊ नका’, ‘हे तुमच्या कामाचे नाही’, ‘हे दुसरीकडे चांगले मिळेल’ असे वाक्य कुठे आहे का? वर्षभरातल्या बारा मजकुरांत ते एकदाही आले नसेल तर बाकीचे सगळे कितीही गोड असो, ती पणतीच आहे.

शेवटी, एक कबुली

हे सगळे दुकानदारांना सांगताना साहित्यिक मंडळींना दोषमुक्त करता येत नाही, आणि मला स्वतःला तर मुळीच नाही. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादनात होतो. गावातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानदारांनी पाव पानाची जाहिरात दिली आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पाठवला. त्यात चित्र नव्हते, शुभेच्छा नव्हत्या. आम्ही तो वाचला, एकमेकांकडे पाहून हसलो. ही जाहिरात वाटत नाही, असे कोणीतरी म्हणाले. मीच तो कागद बाजूला ठेवला, पणतीचा ठोकळा काढला आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहून पान छापखान्यात पाठवले. त्यांना ते शोभिवंत वाटले असावे. त्यांनी तक्रार केली नाही, पुन्हा काही लिहूनही पाठवले नाही.

त्या अंकातल्या कथा-कविता आता मला आठवत नाहीत. तो कागद आठवतो. त्यावर साधारण असे लिहिले होते:

‘पितळेच्या भांड्यातली कल्हई गेली की आतून पिवळे दिसू लागते. मग त्यात ताक, आमटी, चिंचेचे काही ठेवू नये. दिवाळीला भांडी घासताना आतून बघून घ्यावे. कल्हई आमच्याकडेच करावी असे नाही. पण करून घ्यावी.’